वाघाच्या वाटेवरची राजधानी

व्हिएन्ना, प्राग किंवा माद्रिदला तीन दिवसांसाठी जाणारा मराठी प्रवासी ठरलेल्या पद्धतीने आखणी करतो. समुद्र नाही, त्यामुळे किनाऱ्यावर लोळणं नाही. जुनं शहर पायी पाहायचं, राजवाडा, देवालय, नदीवरचा पूल, संध्याकाळी चौकात बसायचं. हाच माणूस नागपूरला उतरून ताडोब्याला निघतो, तेव्हा वाटेत लागणारी एक राजधानी तो गाडीच्या काचेतून पाहतो. मोहर्लीचं प्रवेशद्वार तिथून जेमतेम तीस किलोमीटर. सफारीची वेळ गाठायची असते आणि चंद्रपूर मागे पडतं.

हे शहर गोंड राजांची राजधानी होतं. सिरपूर, मग बल्लारपूर आणि शेवटी चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, असा या घराण्याच्या राजधानीचा प्रवास सांगतात. खांडक्या बल्लाळशहाची कथा इथे आजही तोंडोतोंडी ऐकायला मिळते. राजाच्या अंगावर गाठी होत्या. झरपट नदीच्या पात्रातल्या एका कुंडाच्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या. तिथेच पुढे अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. नंतर एकदा त्याला एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. कुत्रा ज्या वाटेने धावला, त्या वाटेने शहराचा तट बांधायचं ठरलं. कथा बाजूला ठेवली तरी तट खरा आहे. त्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं आणि धुंड्या रामशहाच्या काळात पूर्ण झालं. लांबी सुमारे 11 किलोमीटर. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, शिवाय खिडक्या. चांद्याच्या बोलीत खिडकी म्हणजे तटातला लहान दरवाजा. बगड खिडकी, विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, मसण खिडकी ही नावं आजही पत्ता सांगताना कामी येतात.

व्हिएन्नाने आपला तट स्वतःहून पाडला. 1857च्या डिसेंबरात सम्राट फ्रान्झ जोसेफने हुकूम काढला आणि तटाच्या जागी रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता आला. पर्यटक आज तिथल्या ट्राममधून जो फेरा मारतात, तो त्या पाडलेल्या तटाचाच. चांद्याचा तट मात्र उभा राहिला. 1818च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी त्याला खिंडार पाडलं, किल्लेदार गंगासिंग लढताना पडला, तरीही तो उभाच राहिला. मग झाडोऱ्याने आणि कचऱ्याने त्याला झाकून टाकलं. 2017 साली इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी फावडी-कुऱ्हाडी घेऊन बुरूज मोकळे करायला सुरुवात केली आणि ते काम महिनोन्‌महिने नेटाने चालवलं. आज बगड खिडकीपाशी तटावर चढून चालता येतं, त्याचं श्रेय त्यांना. कुठल्याही सहलीत ही एक सकाळ चुकवू नये.

आखणी कशी करावी? ताडोब्याचं जंगल मंगळवारी बंद असतं. जंगलाचे बेत करणारे हा वार टाळतात. शहर पाहणाऱ्याने तोच धरावा. मंगळवार देवीचा वार, त्यामुळे महाकालीच्या देवळात गर्दी असते, पण त्या गर्दीतच हे शहर नीट भेटतं. ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात चंद्रपूरचं नाव देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांत येतं, तेव्हा दगडी तटावर फिरायचा विचारही नको. यात्रेची हौस असेल तर मात्र चैत्रातच यावं लागेल. मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, हजारो भाविक येतात आणि झरपटीत स्नान करून देवीपुढे उभे राहतात. एवढ्या उन्हात शेकडो मैलांवरून माणसं या शहरात का येतात, हे पाहण्यासारखं आहे.

महाकालीचं आजचं देऊळ राणी हिराईने बांधवलं. नवरा बीरशहा गेल्यावर दत्तक घेतलेल्या रामशहाच्या नावाने तिने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राज्य चालवलं. अंचलेश्वर देवळाशेजारी गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली सर्वांत भव्य बीरशहाची, तीही हिराईनेच बांधवलेली. बायकोने नवऱ्यासाठी उभारलेलं एवढं मोठं स्मारक आपल्याकडे विरळाच. ते शाळेच्या सहलींत क्वचितच दिसतं, ही खंत आहे. इथे घाई करू नये. सकाळच्या उन्हात कमानी पाहाव्यात, मग दरवाजावरचं शिल्प शोधावं: हत्तीवर झेपावणारा सिंह. गोंड राजांचं हे चिन्ह शहरात ठिकठिकाणी कोरलेलं आहे आणि एकदा ओळखलं की ते सतत दिसू लागतं.

दुपारी लालपेठकडे वळावं. तिथे उघड्यावर प्रचंड एकसंध दगडी मूर्ती पडल्या आहेत. रायप्पा नावाच्या श्रीमंत कोमट्याने भव्य देवालयासाठी त्या घडवल्या आणि देवालय झालंच नाही. दहा तोंडांच्या दुर्गेला लोक रावण समजतात. मूर्ती आडवी आहे, तिच्याभोवती पूर्ण फिरायला वेळ लागतो.

जटपुऱ्याच्या कमानीतून आजही वाहनं रेटारेटी करत जातात. म्हणून तो भाग सकाळी लवकर पाहावा. जुन्या चांद्याच्या कारागृहातला पिंपळ इंग्रजांविरुद्ध उठाव करणाऱ्या बाबुराव शेडमाक्यांच्या नावाने ओळखला जातो. 21 ऑक्टोबर 1858 रोजी इंग्रजांनी त्यांना फाशी दिली.

दुसरा दिवस शहराबाहेरचा. वर्धेकाठचा बल्लारपूरचा किल्ला जवळच आहे, म्हणजे राजधानीच्या आधीची राजधानी. वेळ असेल तर मूलमार्गे गडचिरोली जिल्ह्यातलं मार्कंडा गाठावं. तिथे वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि काठावर कोरीव देवळांचा समूह आहे. मुख्य देवळाच्या दुरुस्तीची स्थिती निघण्याआधी विचारून घ्यावी. मुक्काम चंद्रपूरलाच करावा.

परतीच्या संध्याकाळी पठाणपुरा दरवाजा गाठावा. पलीकडे थोड्या अंतरावर इरई आणि झरपटीचा संगम आहे. इरईला पूर आला की पाणी या बाजूच्या वस्त्यांपर्यंत चढतं. तटाने चार-पाचशे वर्षं शत्रूइतकंच पाणीही अडवलं आहे. दरवाजातून आत पाहिलं की जुनं चांदा दिसतं: घराघरांत दिवे लागलेले, भाजीची गाडी कमानीखाली उभी, आणि वर दगडात तोच सिंह.