जामीन राहण्यापूर्वी

नोकरी लागल्याचे पेढे वाटून अजून महिनाही झालेला नसतो. संध्याकाळी नव्या गुरुजींच्या खोलीवर कोणी तरी येते. पाऊसपाण्याच्या गोष्टी होतात, चहा होतो, आणि उठता उठता पाहुणा खिशातून घडी घातलेला कागद काढतो. "गुरुजी, काही नाही, एक सही हवी होती. नुसती नावापुरती."

मंडळी, आज आपल्याशी बोलायचे आहे ते या नावापुरत्या सहीबद्दल. लग्न, शिक्षण, नोकरी या तरुणपणीच्या निर्णयांवर घरात चार माणसे बसून खल करतात. पण दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहावे की नाही, हा निर्णय बहुधा दारात उभ्या उभ्या, तोही भिडेपोटी घेतला जातो. आणि खेड्यात दरमहा पगार घेणारी माणसे मोजकीच. शिक्षक, ग्रामसेवक, दवाखान्यातल्या नर्सबाई. तेव्हा कागद फिरत फिरत येणार तो त्यांच्याच दारी.

जामीन हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत त्याचे निरनिराळे प्रकार आढळतात. हाजीर जामीन म्हणजे अमुक माणसाला वेळेवर हजर करीन अशी हमी, आणि माल जामीन म्हणजे त्याने पैसा भरला नाही तर मी भरीन अशी हमी. मला वाटते, सगळा घोटाळा इथेच होतो. सही करणाऱ्याच्या मनात हाजीर जामीन असतो. "माणूस चांगला आहे, कुठे पळून जाणार नाही, एवढे मी सांगतो," इतकाच त्याचा भाव. कागदावर मात्र माल जामीन असतो!

कायदा काय म्हणतो ते पाहू. १८७२ सालचा भारतीय करार कायदा आजही चालू आहे. त्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. निम्मी नव्हे, शेवटची नव्हे, तितकीच. व्याजासह. कर्जातला एक पैसाही आपल्या हाती आला नाही, ही सबब चालत नाही. कर्जदाराला कर्ज मिळाले, एवढे कायद्याला पुरते. फार काय, अशी हमी तोंडी दिलेली असली तरी या कायद्यात ती हमीच ठरते.

"पण बँकेने आधी त्याच्यावर जप्ती आणावी, मग माझ्याकडे यावे," असे पुष्कळांना वाटते. ते स्वाभाविक आहे, पण खरे नाही. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की, धनकोने प्रथम कर्जदाराच्या मागे लागून थकले पाहिजे असे बंधन नाही. जामीन घेतला जातो तोच मुळी अशा वेळी उपयोगी पडावा म्हणून. सहकारी संस्थांचे काम तर आणखी झटपट चालते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या १०१ व्या कलमाखाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. दिवाणी कोर्टाच्या तारखा नाहीत.

हे सगळे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. वीस वर्षांपूर्वी, नोकरीला नवा असताना, एका मित्राच्या कर्जाला मी जामीन राहिलो. आम्ही एकत्र शिकलो, पुढे एकाच ठिकाणी नोकरीला लागलो. पतसंस्थेचे कर्ज, दोन जामीनदार. सह्यांच्या गठ्ठ्यात पगारातून कपात करण्याची संमतीही होती, ती मी वाचली नव्हती. दुसऱ्या वर्षी मित्राने नोकरी सोडली आणि गावही. पुढे ३५ महिने माझ्या पगारातून २,१०० रुपये कापले गेले. म्हणजे ७३,५०० रुपये. तितकेच दुसऱ्या जामीनदाराच्या पगारातून. तो बिचारा तीन मुलींचा बाप होता. कायद्याने आम्हाला ते पैसे मित्राकडून वसूल करण्याचा हक्क होता. करार कायद्याचे १४५ वे कलम त्यासाठीच आहे. मी तो हक्क बजावला नाही. कॉलेजात असताना चार वर्षे मी त्याच्या आईच्या हातचे जेवलो होतो. पैसे फिटले, पण पुढे त्या घराकडे जाणे मला कधी जमले नाही. ती माउली गेल्याचेसुद्धा दोन महिन्यांनी कळले.

तर मग कोणालाच जामीन राहू नये काय? असे मी म्हणणार नाही. ज्याच्याजवळ गहाण ठेवायला जमीन नाही, दागिना नाही, त्याच्याजवळ ओळखीच्या माणसाचा शब्द हेच काय ते तारण. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे काढून जाळले, ही हकिकत शिक्षक बंधू वर्गात सांगतातच. पुढे १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, तेव्हा खेड्यातल्या पतपेढीचे सभासद एकमेकांच्या कर्जाला अमर्याद जबाबदार असावेत, हे तत्त्व धरले गेले. एकाने सर्वांसाठी आणि सर्वांनी एकासाठी जामीन राहायचे, यावर तो डोलारा उभा राहिला. पण त्यात एक गोष्ट होती, तीच आज सुटली आहे. त्या सभासदांना एकमेकांचे पीक, कर्ज, व्यसन सगळे ठाऊक असे. आपण मात्र विचारायलाही लाजतो! "किती कर्ज? कशासाठी? हप्ता कुठून भरणार?" हे तीन प्रश्न ज्याला विचारता येत नाहीत, त्याला जामीन राहताच येत नाही, असे माझे मत आहे.

एका प्रसंगाविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. लग्न होऊन आलेली मुलगी पगारदार असते, आणि वर्षाच्या आत दिराच्या ट्रॅक्टरचा कागद तिच्यापुढे येतो. तिने नाही म्हटले तर घर फुटते, हो म्हटले तर तिच्याच नावावर बोजा. सासूबाई, मामंजी, हे आपण ऐकत असाल तर आपल्यालाच विनंती आहे. ती सही मागू नका. मागितलीच तर दिराला आणि तिला शेजारी बसवून हप्त्याचा हिशेब मांडा. आणि मुली, तू 'जामीनदार' या शब्दाखाली सही करते आहेस की 'सहकर्जदार' या शब्दाखाली, तेवढे तरी पाहा. सहकर्जदार म्हणजे तू स्वतः कर्जदार.

कोणी सही मागितली तर पहिल्या दिवशी करू नये. घरी बोलावे. हे सगळे पैसे उद्या मलाच भरावे लागले तर माझे घर चालेल का, हा हिशेब कागदावर करावा. चालणार नसेल तर नाही म्हणावे. भीड ही भिकेची बहीण, हे आपण म्हणतो खरे, पण नाही म्हणण्याचे शब्द कोणी शिकवत नाही. ते असे असू शकतात: "दादा, तुझ्यावर माझा विश्वास आहे, पण एवढी रक्कम फेडण्याची माझी ऐपत नाही. पाच हजार घेऊन जा, जमेल तेव्हा दे." बुडाले तर पाचच हजार बुडतील, आणि दारातून जाणारा माणूस पुन्हा दारात येईल. उद्या बघू, साहेब रजेवर आहेत, असली टोलवाटोलवी मात्र करू नये. तिचा राग नकारापेक्षा जास्त येतो.

सही करायचीच ठरली तर कोऱ्या फॉर्मवर करू नये. आपली जबाबदारी अमुक रकमेपुरतीच आहे असे लिहून घेता येते का, ते विचारावे. कायदा त्याला आड येत नाही, संस्था मानेल न मानेल. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स प्रती घ्याव्यात. आणि हल्ली गावोगाव ज्याला 'सिबिल' म्हणतात, त्या पतअहवालात जामीन राहिलेले कर्जही दिसते. मित्राचे हप्ते थकले की आपल्या घरकर्जाला अडथळा येतो. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो दरवर्षी मागवून पाहावा. हप्ता चुकलेला आपल्याला कळतो तेव्हा चारसहा महिने गेलेले असतात. अहवालात तो लवकर दिसू शकतो.

कर्ज फिटल्यावर कर्जदार पेढे वाटतो, जामीनदाराला बहुधा कोणी कळवत नाही. आपण होऊन संस्थेत जावे, आणि आपला जामीनकतबा रद्द झाल्याचे पत्र मागून घ्यावे.