पांढऱ्या रेषेलगतचा माणूस

फुटबॉलचा सामना पाहताना चेंडूवरून नजर हटवणं अवघड असतं, पण विंगरचं, म्हणजे कडेने धावणाऱ्या आघाडीपटूचं, काम समजून घ्यायचं तर तेच करावं लागतं. अ‍ॅडलेडच्या हाइंडमार्श स्टेडियममध्ये त्याची सोय चांगली आहे. जेमतेम साडेसोळा हजार प्रेक्षकांचं हे मैदान, आणि पहिल्या रांगांतून बाजूची पांढरी रेषा हाताच्या अंतरावर भासते. बुटांचा आवाज, फुलबॅकचा धापा टाकत दिलेला इशारा, प्रशिक्षकाची ओरड, सगळं ऐकू येतं. तिथे बसून मी एकाच खेळाडूवर नजर ठेवायची सवय लावून घेतली. पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की विंगरच्या पायाशी चेंडू फार थोडा वेळ असतो. नव्वद मिनिटांत सगळी मिळून दोन-तीन मिनिटं. उरलेला वेळ तो रेषेला चिकटून उभा असतो, मागे धावतो, पुन्हा पुढे येतो आणि चेंडू मागतो. बहुतेक वेळा तो त्याच्याकडे येतच नाही.

हे उभं राहणं रिकामं नसतं. मैदानाची रुंदी 68 मीटर. विंगर रेषेवर थांबला की त्याच्यावरचा फुलबॅक, म्हणजे समोरच्या संघाचा त्या कडेचा बचावपटू, आपल्या साथीदारांपासून दूर ओढला जातो, मधे फट पडते आणि तिचा फायदा दुसऱ्याच कुणाला मिळतो. गोल झाला की नाव त्या दुसऱ्याचं लागतं. साठ-सत्तराव्या मिनिटाला फुलबॅकचे पाय जड झाले की प्रशिक्षक बाकावरच्या ताज्या विंगरला उतरवतो. रेषेबाहेर तासभर अंग गरम करणाऱ्या त्या माणसाला वीस मिनिटांत काहीतरी करून दाखवायचं असतं. नाही जमलं तर पुढच्या शनिवारी त्याच्याऐवजी दुसरा.

2013 ते 2015 या काळात अ‍ॅडलेड युनायटेडकडून याच रेषेवर ऑएर माबिल खेळत होता. पहिल्यांदा उतरला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. अंगाने सडपातळ, पायात विलक्षण वेग. समोर बचावपटू एकटा सापडला की तो चेंडू मागे देत नसे. जोसेप गोम्बाऊ या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या संघात चेंडू शांतपणे एकमेकांकडे फिरत राहायचा. त्या लयीत हा मुलगा एकदम भरधाव निघे, आणि मैदानातली माणसं खुर्चीच्या टोकावर येत.

त्याच्या मागची कहाणी अ‍ॅडलेडमध्ये सर्वांना ठाऊक होती. सुदानच्या यादवीतून त्याचं कुटुंब पळालं. वायव्य केनियाच्या तुर्काना भागातल्या काकुमा निर्वासित छावणीत 1995 साली तो जन्मला. सुदानमधून पायी आलेल्या अनाथ मुलांसाठी 1992 मध्ये उभी राहिलेली ही छावणी आज लाखो माणसांचं गाव झाली आहे. उन्हाने भाजलेली जमीन, मोजून मिळणारा शिधा आणि मातीच्या झोपड्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या नि चिंध्या बांधून केलेल्या चेंडूवर अनवाणी खेळत तो मोठा झाला. 2006 मध्ये, दहा वर्षांचा असताना, ऑस्ट्रेलियाच्या मानवतावादी पुनर्वसन योजनेतून कुटुंब अ‍ॅडलेडला आलं. स्थानिक क्लब, मग राज्याची क्रीडा संस्था, मग अ‍ॅडलेड युनायटेड. वृत्तपत्रांना इथवरचा प्रवास फार आवडतो. खेळाडूचं खरं काम मात्र इथून पुढे सुरू होतं.

2015 मध्ये तो डेन्मार्कच्या एफसी मिटयुलँडमध्ये गेला. 2015 ते 2024 या काळात त्याने युरोपातल्या सहा देशांतल्या आठ क्लबांचे रंग अंगावर चढवले: मिटयुलँड, एस्बियर्ग, पोर्तुगालचा पासोस दे फेरेरा, इस्तंबूलचा कासिमपाशा, स्पेनचा कादिझ, स्पार्टा प्राग, झुरिकचा ग्रासहॉपर, आणि पुन्हा स्पेनमध्ये कास्तेयॉन. मेस्सी किंवा एम्बापेचं चरित्र लिहिणाऱ्याला ही यादी अपयशासारखी वाटेल. पण व्यावसायिक फुटबॉलमधले बहुसंख्य लोक असेच जगतात, आणि त्यांच्याच जिवावर हा खेळ चालतो.

मिटयुलँड हा काही साधा क्लब नव्हता. हेर्निंग आणि इकास्ट या दोन गावांच्या संघांच्या विलीनीकरणातून 1999 मध्ये जन्मलेला हा क्लब, इंग्लंडच्या ब्रेंटफर्डचे मालक मॅथ्यू बेनहॅम यांच्या काळात आकडेवारीच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध झाला. कॉर्नर, फ्री किक, अगदी थ्रो-इनसाठीसुद्धा तिथे खास प्रशिक्षक होता. पायाच्या उपजत अकलेवर वाढलेल्या मुलाला अशा ठिकाणी धावायचं कधी, थांबायचं कुठे, हे पुन्हा शिकावं लागतं. पहिल्याच वर्षी संघात जागा पक्की होत नाही. मग क्लब त्याला लोनवर, म्हणजे उसना, दुसरीकडे पाठवतो.

या उसनवारीची रीत जरा समजून घ्यायला हवी. खेळाडूचा करार मूळ क्लबशीच राहतो. घेणारा क्लब त्याचा पगार पूर्ण किंवा अर्धामुर्धा उचलतो. दोन्ही क्लब एकाच लीगमधले असतील तर मूळ क्लबाविरुद्ध त्याने खेळू नये, अशी अट बऱ्याचदा करारात असते. दुसऱ्या देशात जायचं तर जुन्या संघटनेकडून आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र यावं लागतं. 2010 पासून ते फिफाच्या संगणकीय यंत्रणेतूनच जातं. एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांत नोंदणी करता येते, पण अधिकृत सामने खेळता येतात दोघांकडूनच. वैद्यकीय तपासणीत हृदयाचा आलेख निघतो, गुडघे-घोटे वाकवून पाहिले जातात, जुन्या दुखापतींचे स्कॅन होतात. एखादा डॉक्टर नाही म्हणाला तर सगळं तिथेच थांबतं. हस्तांतराची खिडकी, म्हणजे ठरलेली मुदत, बंद व्हायच्या रात्री हे चाललेलं असतं, आणि दुसऱ्या सकाळी खेळाडू नव्या गावातल्या हॉटेलात जागा होतो.

माबिलच्या वाट्याला आलेली पहिली दोन उसनी घरं बिकट होती. एस्बियर्ग हे डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. 2016-17 च्या हंगामात तो तिथे होता, आणि हंगामाअखेर संघ खालच्या श्रेणीत घसरला. पुढच्या वर्षी पासोस दे फेरेरा. उत्तर पोर्तुगालमधलं हे छोटं शहर फर्निचरच्या कारखान्यांसाठी ओळखलं जातं. तोही संघ त्याच हंगामात घसरला. तळाला झगडणाऱ्या संघात विंगरचं काम निराळं होतं. संघ आपल्या गोलसमोर भिंत बांधून उभा असतो. विंगरला आधी फुलबॅकची मदत करायची असते, आणि चेंडू हिसकावला की पन्नास मीटर एकट्याने पळवायचा असतो, तोही साथीदार पोहोचेपर्यंत टिकवून. इथे कौशल्य दिसत नाही, पण फुप्फुसं आणि धीर तयार होतो. 2018 मध्ये माबिल मिटयुलँडला परतला तो संघात टिकणारा खेळाडू म्हणून.

मग चांगले दिवस आले. 2018-19 चा डॅनिश कप, पुढच्या हंगामात डेन्मार्कचं विजेतेपद, आणि 2020-21 मध्ये चॅम्पियन्स लीगचा गट. त्या गटात लिव्हरपूल, आयाक्स आणि आतालांता होते. दरम्यान ऑक्टोबर 2018 मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाकडून कुवेतविरुद्ध पदार्पण केलं आणि गोलही केला. त्याच सामन्यात टॉमस डेंगनेही पदार्पण केलं. तोही दक्षिण सुदानी वंशाचा, अ‍ॅडलेडला माबिलबरोबर वाढलेला. 2019 च्या आशियाई स्पर्धेत माबिलने पॅलेस्टाईन आणि सीरियाविरुद्ध गोल केले. संघ उपांत्यपूर्व फेरीत हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या बहिणीचा मोटार अपघातात मृत्यू झाला. त्यानंतरही त्याला क्लबकडे परतावं लागलं आणि खेळावं लागलं. व्यावसायिक खेळाडूच्या दिनदर्शिकेत दुःखासाठी वेगळं पान नसतं.

2022 साल म्हणजे अशा आयुष्याचा नमुनाच. जानेवारीत तो कासिमपाशाला उसना गेला. मिटयुलँडशी करार उन्हाळ्यात संपत होता, त्यामुळे कादिझला तो हस्तांतर शुल्काशिवाय मिळाला. 1995 च्या बोसमन निकालानंतर हे शक्य झालं आहे: करार संपला की खेळाडू मोकळा. कादिझकडे आल्यावरही संघात जागा मिळेना, म्हणून जानेवारी 2023 मध्ये तो स्पार्टा प्रागला गेला आणि तिथे त्या हंगामाचं विजेतेपद जिंकणाऱ्या संघात राहिला. एका वर्षात तीन देश, तीन भाषा, तीन ड्रेसिंग रूम. बदलीच्या नोकरीतल्या कुटुंबाला ट्रंका उघडायच्या की नाहीत याचा हिशेब कसा सतत करावा लागतो, तसंच काहीसं हे जगणं. फरक इतकाच, की इथे शिपाई, साहेब, सहकारी सगळे पहिल्याच दिवशी आपल्याला तोलत असतात, आणि तेही वेगाच्या एका मापाने.

त्याच 2022 च्या जूनमध्ये जगाने त्याला पाहिलं. कतारमधल्या विश्वचषकाच्या प्रवेशासाठी ऑस्ट्रेलिया आणि पेरू यांची लढत अल रय्यानला झाली. एकशेवीस मिनिटं गोल झाला नाही. पेनल्टींत ऑस्ट्रेलियाचा पहिलाच फटका अडवला गेला, पुढे पेरूनेही एक वाया घालवली. पाच-पाच फटक्यांनंतर बरोबरी राहिली. सहावा फटका माबिलकडे आला. तो सामन्यात बदली म्हणून उतरला होता. अकरा मीटर अंतर, 7.32 मीटर रुंद गोल आणि सगळ्या देशाचा श्वास. त्याने गोल केला. नंतर गोलरक्षक अँड्र्यू रेडमेनने पेरूचा फटका अडवला आणि 5-4 असा निकाल लागला. माबिल नंतर म्हणाला की कुटुंबाच्या वतीने ऑस्ट्रेलियाचे आभार मानायचा हाच एक मार्ग होता.

हे वाक्य सर्वत्र उचललं गेलं. मला त्यात त्याच्या मनाचा मोठेपणा दिसतो, आणि ऐकणाऱ्यांची एक सोयही. आश्रय मिळालेल्या माणसाने गोल करून ऋण फेडावं, हे ऐकायला आपल्याला बरं वाटतं. त्याच माणसाने पुढच्या आठवड्यात चार क्रॉस चुकवले तर?

माबिलने स्वतः ही गोष्ट नुसत्या आभारावर सोडली नाही. 2014 मध्ये भावाबरोबर त्याने ‘बेअरफूट टू बूट्स’ ही संस्था सुरू केली. तिच्यामार्फत काकुमाच्या मुलांना फुटबॉलचे बूट आणि छावणीतल्या रुग्णालयाला उपकरणं मिळाली. 2023 चा ‘यंग ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’ सन्मान त्याला मिळाला. पण त्याची खरी कमाई मोजायची तर माझ्या मते आधी क्लबांची ती लांबलचक यादी पाहावी. आठ वेगवेगळ्या क्लबांनी, आठ वेगवेगळ्या प्रशिक्षक मंडळांनी, डॉक्टरांनी आणि हिशेबनिसांनी त्याला तपासून ‘हा माणूस आमच्या उपयोगाचा आहे’ असं ठरवलं. त्यातल्या कुणीही त्याला कीव म्हणून घेतलं नाही. दहा वर्षं हा निकष पार करणं हे कौतुकाच्या पलीकडचं, कारागिरीचं काम आहे.

आणि एक गोष्ट विसरता कामा नये. त्याचे सगळे प्रवास शक्य झाले ते 2006 मध्ये मिळालेल्या एका परवानगीमुळे. जगातल्या निर्वासितांपैकी दरवर्षी एक टक्क्याहूनही कमी लोकांचं तिसऱ्या देशात पुनर्वसन होतं. काकुमात आजही मुलं मातीत खेळताहेत. त्यांतलं एखादं पेनल्टी मारू शकेल म्हणून त्यांना घर द्यायचं नाही, तर ती मुलं आहेत म्हणून द्यायचं.