तूर, हंगाम आणि खताचा हिशेब

आपल्या बिदर-कलबुर्गी भागातील बहुतेक शेती कोरडवाहू आहे. बिदरकडे जांभ्याची तांबडी माती, तर आळंद-कलबुर्गीकडे काळी जमीन. कलबुर्गीला कन्नडमध्ये 'तोगरीचा कणज', म्हणजे तुरीचे कोठार म्हणतात. तेथील तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मी शेतकऱ्याच्या घरातला आहे. आमच्या फीपासून बहिणीच्या लग्नापर्यंत सारे या एका पिकावर अवलंबून असते, म्हणून हा विषय घेतला.

आपले हंगाम मुख्यतः दोन : खरीप व रब्बी. कन्नड भाषिक बांधव त्यांना मुंगारू व हिंगारू म्हणतात. मूग-उडीद जून-जुलैत पेरले की सुमारे अडीच महिन्यांत निघतात. ज्वारी व हरभरा रब्बीत जमिनीतल्या ओलीवर येतात. तूर मात्र खरिपात पेरली जाते आणि डिसेंबर-जानेवारीत निघते. म्हणूनच तिच्या ओळींमध्ये मूग किंवा उडीद घेतात. ते लवकर निघून जातात आणि तुरीला जागा मोकळी होते.

आता पोषणाकडे वळू. नत्राने पाने व फांद्या वाढतात, स्फुरदाने मुळे जोम धरतात, पालाशाने रोपात काटकपणा येतो. याशिवाय गंधक, जस्त, लोह यांसारखी द्रव्येही लागतात. यांपैकी जे सर्वांत कमी पडेल, तेच उत्पन्नाला अडवते. जस्त कमी असताना कितीही युरिया टाकला तरी उपयोग होत नाही.

शिवाय तुरीच्या मुळांवरील गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. म्हणून तुरीला हेक्टरी 25 किलो नत्र व 50 किलो स्फुरद, म्हणजे एकरी 10 व 20 किलो, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. डीएपीच्या 50 किलोच्या एका पोत्यात 9 किलो नत्र व 23 किलो स्फुरद असते. म्हणजे एकरी एका पोत्यात गरज जवळजवळ भागते. वर युरिया दिल्यास पाला माजतो, शेंगा वाढत नाहीत आणि पैसा वाया जातो. चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद अडकून पडते. म्हणून खत वर न फेकता पेरताना बियाण्याच्या खाली पडेल असे द्यावे.

मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे राहते. त्यासाठी ज्वारीची फेरपालट करावी व टीएस-3आर सारखे रोगप्रतिकारक वाण निवडावे. पीक दीड-दोन महिन्यांचे झाले की शेंडे खुडावेत. त्याने फांद्या व शेंगा वाढतात.

2015 पासून माती परीक्षणाची पत्रिका मिळू लागली आहे. पुष्कळ घरांत ती न वाचता तशीच पडून असते. आपण शिकलेली मुले ती वाचून वडिलांना समजावून सांगू शकलो, तर आपल्या शिक्षणाचा पहिला लाभ आपल्याच शेताला होईल.