पडद्यावरचे बटण कसे बोलते?

भिंतीवरील दिव्याचा स्विच दाबला की ‘कट्’ असा आवाज होतो. आतली स्प्रिंग बोटाला हिसका देते. दिव्याकडे न पाहताही काम झाल्याचे कळते. संगणकाच्या पडद्यावरील बटणाला मात्र स्प्रिंग नाही, आत जायला जागाही नाही. ते म्हणजे नुसते प्रकाशाचे ठिपके! मग आपला हुकूम पोहोचला हे त्याने सांगावे कसे? अर्थात, डोळ्यांना.

एक प्रयोग करा. संगणकातील कॅल्क्युलेटर उघडा. माऊसचा बाण 7 या आकड्यावर न्या, दाबू नका. चौकोनाची छटा किंचित बदलेल. ‘मला दाबता येते’ असा तिचा अर्थ. आता कळ दाबून धरा. छटा पुन्हा बदलेल, पण 7 उमटणार नाही. कळ सोडली की उमटेल. पुन्हा दाबा आणि कळ न सोडता बाण बाहेर नेऊन मग सोडा. काहीच होणार नाही! चुकून दाबलेले बटण मागे घेण्याची ही सोय आहे.

1995 सालच्या ‘विंडोज 95’मधील बटणे फुगीर दिसत. त्यांच्या वरच्या व डाव्या कडा पांढऱ्या, तर खालच्या व उजव्या कडा काळपट असत. प्रकाश वरून येतो, ही आपल्या मेंदूची सूर्यामुळे झालेली सवय. म्हणून वरची कड उजळ असली की वस्तू उंच वाटते. बटण दाबताच या कडांचे रंग उलटत आणि ते आत गेल्याचा भास होई. असे चित्र कागदावर काढून उलटे धरा. उंचवटा खळगा होईल.

उत्तर वेळेवरही हवे. ते सुमारे 0.1 सेकंदात मिळाले तर ‘लगेच’ वाटते. सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर तेवढ्यात 6 चित्रे होतात. म्हणजे वेळ पुरेसा आहे.

आता समजा, शेवगावच्या एखाद्या सेवा केंद्रात तुम्ही शिष्यवृत्तीचा अर्ज भरत आहात. इंटरनेट मंद आहे. ‘सादर करा’ दाबले, पण बटण तसेच राहिले. तुम्ही पुन्हा दाबणारच! शुल्क भरताना असे झाले, तर पैसे दोनदा जाण्याचा धोका. म्हणून चांगले बटण पहिल्या दाबाबरोबर फिकट होते, ‘थांबा’ अशी खूण दाखवते आणि दुसरा दाब स्वीकारत नाही.

हाच नियम मतदान यंत्रातही आहे. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत शेवगावच्या मतदारांनी निळे बटण दाबताच शेजारचा लाल दिवा लागला, चिठ्ठी काचेमागे 7 सेकंद दिसली आणि ‘बीप’ वाजला. मत नोंदले गेले, ही खात्री मतदाराला तिथल्या तिथे मिळायलाच हवी.

शाळेच्या संगणकावरील पाच बटणे तपासा. बाण नेल्यावर, दाबल्यावर, सोडल्यावर काय बदलते, याचा तक्ता करा. मुके बटण कोणते, ते तुम्हीच ओळखाल.