सफ एक, सोयरीक वेगळी
(लेखांक ७)

नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला जो आधी येईल, तो पुढच्या सफेत, म्हणजे रांगेत. हातगाडीवाल्याच्या खांद्याला वकिलाचा खांदा लागतो आणि मध्ये फट ठेवायची नाही, असा दंडक आहे. सातव्या शतकातल्या अरबस्तानात ही केवढी उलथापालथ होती, ते बिलाल यांच्याकडे पाहून कळतं. हबशी आईच्या पोटी गुलामीत जन्मलेले बिलाल इस्लामचे पहिले मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे, झाले. ६३० मध्ये मक्का हाती आल्यावर काबाच्या छतावरून अजान देण्याचा मान पैगंबरांनी त्यांनाच दिला. कुळाचा तोरा मिरवणाऱ्या मक्केच्या कुरैश टोळीला तो आवाज मुकाट ऐकावा लागला.

हा मोमिनपुरा मुळात विणकरांचा. १८५७ नंतरच्या धामधुमीत उत्तरेतून आलेली मोमिन कुटुंबं नागपूर-कामठीत स्थिरावली. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचं, धोटा या हातून त्या हाती पळवायचा, घरातल्या बायामुलांनी कांड्या भरायच्या. त्यांच्या हातचं कापड घरोघरी गेलं. विणणाऱ्याच्या वाट्याला मात्र ‘जुलाहा’ ही हेटाळणी आली. सफेत शेजारी उभा राहणारा उच्चकुलीन सय्यद सोयरीक जुळवायची वेळ आली की लांब सरकायचा. मुसलमानांतल्या या जातिभेदावर डॉ. आंबेडकरांनी पाकिस्तानविषयीच्या ग्रंथात नेमकं बोट ठेवलं आहे.

मंडल आयोगाने मागास जातींच्या यादीत मुस्लिम जातीही घेतल्या. १९९० मध्ये अंमलबजावणीची घोषणा झाली, तरी दाखला हातात पडणं सोपं नव्हतं. जालन्याचे शब्बीर अन्सारी हे स्वतः विणकर समाजातले. त्यांनी महाराष्ट्रभर फिरून मुस्लिम ओबीसींची चळवळ बांधली. दिलीपकुमार यांच्यासारखा नट त्यांच्या सभांना जाऊ लागला. १९९४ मध्ये मुस्लिम ओबीसींबाबत राज्य सरकारचा निर्णय निघाला आणि अन्सारी, बागवान, पिंजारी अशांच्या मुलांना सवलतींची वाट मोकळी झाली.

या सवलतींना सर्वांत तिखट विरोध मुसलमानांच्या घरातूनच झाला. इस्लाममध्ये जात नाही, मग मागासवर्ग कुठून आला, असा सवाल केला गेला. मला हा युक्तिवाद धर्माशीच प्रतारणा वाटतो. कुराणाने श्रेष्ठत्व कुळावर नव्हे, सदाचरणावर ठरवलं, ते माणसाला वर आणण्यासाठी. त्याच वचनाच्या आडोशाला उभं राहून पिंजाऱ्याच्या पोराची फी माफ होऊ द्यायची नाही, हा कुठला न्याय?

जकात या धर्मदानाचंही तेच. साठलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा दरवर्षी द्यायचा. तो कोणाला द्यायचा, हे कुराण सांगतं: गोरगरीब, कर्जात बुडालेला, वाटसरू, गुलामीतून सुटू पाहणारा. शास्त्राने ही मेहेरबानी मानलेली नाही. धनवंताच्या मालात गरिबाचा तो हक्कच आहे. रमजानमध्ये दारोदार सुटे पैसे वाटून हिशेब मिटवणाऱ्यांनी मोमिनपुऱ्यातल्या एखाद्या कर्जबाजारी कारागिराचं देणं एकदाच फेडून पाहावं.

बायकांच्या हिश्शाबाबत आपण सर्वांत मागे आहोत. मुलाच्या निम्मा का होईना, मुलीचा वाटा कुराणाने त्या काळात ठरवून दिला. रूढीने तो गिळला, म्हणून १९३७ चा शरियत कायदा आला. त्यातूनही शेतजमीन वगळली गेली. आणि घराच्या वाटणीत भाऊ आजही बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवतात. ती सही मागताना त्यांना शरियत आठवत नाही. तिची आठवण करून देण्याचं काम जुम्म्याच्या खुतब्यातून, म्हणजे प्रवचनातून, का होऊ नये? पुढच्या लेखात मेहेरविषयी, म्हणजे निकाहात वधूला द्यायच्या रकमेविषयी.