आजीचं विसरणं आपल्याला मिळतं का?

“अगो, माझा चष्मा कुठे ठेवलाय?” आजी विचारते, आणि चष्मा असतो तिच्याच कपाळावर! आपण हसतो. पण एखाद्याच्या मनात हळूच येतं, ‘आजी विसरते. मग पुढे आईपण विसरेल? आणि मी?’

मुलांनो, याचं उत्तर शोधायचं तर तीच माणसं लहानपणी आणि म्हातारपणीही तपासायला हवीत. स्कॉटलंडमध्ये अगदी असंच घडलं! १ जून १९३२ रोजी तिथल्या अकरा वर्षांच्या जवळजवळ सर्व मुलांची, म्हणजे ८७,४९८ जणांची, बुद्धीची चाचणी झाली. पुढे सत्तरेक वर्षांनी इयान डिअरी या शास्त्रज्ञांनी त्यांच्यातल्या काहींना शोधून काढलं. मुलं आता ऐंशीची झाली होती! त्यांनी पुन्हा तीच चाचणी दिली. या वेळी त्यांची जनुकंही तपासली.

जनुक म्हणजे शरीर घडवण्याची सूचना. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून मिळते, एक बाबांकडून. ‘एपीओई’ नावाच्या जनुकाचे तीन मुख्य प्रकार आहेत : ई-२, ई-३ आणि ई-४. ज्यांच्याकडे ई-४ होतं, ते अकराव्या वर्षी इतरांच्या बरोबरीनं होते. ऐंशीव्या वर्षी मात्र थोडे मागे पडले. हे २००२ मध्ये जाहीर झालं.

म्हणजे सगळं जनुकांच्याच हाती? छे! २०१२ मधला अंदाज असा, की म्हातारपणी कुणाची बुद्धी किती बदलते, यातल्या फरकाचा साधारण पाव भाग जनुकांमुळे असावा. रुपयातले चार आणे! ई-४ असूनही अनेकांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत शाबूत राहते.

आपल्या पावसचा हापूसच बघा ना. एकाच झाडाच्या काड्यांवरून बांधलेली दोन कलमं. जनुकं तीच. पण एक उघड्या कातळावर, दुसरं खतपाण्याच्या मातीत. दोन्ही सारखी वाढतील का?

आपल्या देशातही मोठी पाहणी झाली. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिनं २०१७ पासून देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली. त्यांच्यातल्या साठीपुढच्या सुमारे चार हजार जणांची स्मरणशक्ती दिल्लीच्या ‘एम्स’सारख्या रुग्णालयांच्या साथीनं तपासली गेली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला : साठीपुढच्या शंभरांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश हा आजार आहे. शाळेत न गेलेल्यांमध्ये हे प्रमाण जास्त आढळलं. आपल्या कितीतरी आज्यांना शाळेचं तोंड पाहायला मिळालं नाही, हे आठवतं ना? शिक्षण मेंदूसाठी जन्मभराची शिदोरी असते.

पालकांनो, चष्मा विसरणं वेगळं आणि रोजची वाट चुकणं वेगळं. वाट चुकू लागली, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, साखर आणि कान वेळेवर तपासा.

आणि मुलांनो, तुम्ही? संध्याकाळी आजीला फिरायला न्या. तिला पत्त्यांच्या डावात घ्या. ती तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागली, तर “माहितेय गं!” म्हणू नका. “मग पुढे काय झालं?” असं विचारा!