पॅरिसचीं एकोणतीस पदकें

सन २०२४ च्या २८ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंत पॅरिस येथें दिव्यांग खेळाडूंचे जागतिक क्रीडासामने भरले होते. हे सामने पॅरालिंपिक या नांवानें ओळखले जातात. भारताचे ८४ खेळाडू त्यांत उतरले, आणि त्यांनीं ७ सुवर्ण, ९ रौप्य व १३ कांस्य अशीं एकूण २९ पदकें मिळविलीं. राष्ट्रांच्या यादींत भारताचा क्रमांक १८ वा लागला. १९६८ पासून २०१६ पर्यंतच्या जवळजवळ अर्धशतकांत याच सामन्यांत भारतास मिळालेलीं सर्व पदकें एकत्र केलीं तर तीं अवघीं १२ भरतात. त्यानंतर २०२१ सालीं झालेल्या टोकियोच्या सामन्यांत १९, आणि पॅरिसमध्यें २९! आंकडे बोलके आहेत खरे. परंतु ते काय सांगतात हें नीट कळण्यास या सामन्यांची घडण अगोदर समजली पाहिजे.

या सामन्यांचा उगम क्रीडांगणावर नव्हे, तर रुग्णालयांत झाला. दुसऱ्या महायुद्धांत पाठीच्या कण्यास इजा होऊन ज्यांचें कमरेखालचें अंग लुळें पडलें, असे सैनिक इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथें उपचारासाठीं ठेवण्यांत येत. अशा रुग्णांनीं उरलेले दिवस अंथरुणास खिळून काढावयाचे, अशीच तोंवर सर्वसाधारण समजूत होती. नाझी राजवटीमुळें जर्मनी सोडून आलेले डॉक्टर लुडविग गुटमान यांस ती मान्य नव्हती. औषधाइतकेंच खेळालाही उपचारांत स्थान आहे, असें त्यांचें मत होतें. २९ जुलै १९४८ रोजीं, ज्या दिवशीं लंडनमध्यें ऑलिंपिक सामन्यांचें उद्घाटन होत होतें त्याच दिवशीं, त्यांनीं रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जखमी स्त्रीपुरुष सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली. पुढें बारा वर्षांनीं, १९६० सालीं, रोम येथें २३ देशांचे ४०० खेळाडू जमले आणि पॅरालिंपिकची परंपरा सुरू झाली.

सामना न्याय्य व्हावा म्हणून कुस्तींत वजनाचे गट पाडतात. पन्नास किलोच्या मल्लास शंभर किलोच्या मल्लापुढें उभें केलें तर निकाल लागेल, पण कस लागणार नाहीं. दिव्यांगांच्या खेळांत हीच अडचण शतपट होते. एकाचा पाय गुडघ्याखालीं नाहीं, दुसऱ्यास दोन्ही हात नाहींत, तिसऱ्याची दृष्टि गेलेली, चौथ्याच्या स्नायूंवर मेंदूचा ताबा पुरता चालत नाहीं. यांची तुलना करावयाची कशी? म्हणून येथें प्रथम न्यूनतेचें मापन होतें आणि मगच सामर्थ्याचें. वैद्यकाचे व खेळाचे जाणकार प्रत्येक खेळाडूस तपासून त्याचा वर्ग ठरवितात. मैदानी खेळांत या वर्गास एक अक्षर व एक आंकडा असतो. धांवणें व उडी यांस ‘टी’, फेकीच्या प्रकारांस ‘एफ’. आंकड्यांतील पहिला अंक न्यूनतेचा प्रकार सांगतो. दहाच्या घरांतील आंकडे दृष्टिहीनांचे. तिसाच्या घरांतील, हालचालींवर मेंदूचा ताबा नसलेल्यांचे. चाळिसाच्या घरांतील, खुज्या बांध्याच्या अथवा हातापायांत न्यूनता असलेल्यांचे. पन्नासाच्या घरांतील, बसून खेळणाऱ्यांचे. आणि साठाच्या घरांतील, कृत्रिम पायावर खेळणाऱ्यांचे. एकाच घरांत आंकडा जितका लहान, तितकी न्यूनता साधारणतः अधिक.

या मोजमापाचा अर्थ ४ सप्टेंबर रोजीं झालेल्या एका स्पर्धेंत स्पष्ट दिसला. एफ ५१ या वर्गाची क्लब-फेक होती. क्लब म्हणजे लहानशा मुद्गलाच्या आकाराचा लाकडी दांडा. वजन ३९७ ग्रॅम. धडधाकट मनुष्यास तें खेळणें वाटेल. परंतु या वर्गांतील खेळाडूचें धड व पाय निकामी असतात, आणि बोटांची पकडही दुबळी असते. त्यास चौकटीवर पट्ट्यांनीं बांधून बसवावें लागतें. खांद्यांत व दंडांत जी शक्ति उरली असेल तिच्यावरच फेक करावयाची. हरियाणाचे धरमबीर यांचे पहिले चार प्रयत्न नियमभंगामुळें बाद ठरले. पांचव्या प्रयत्नांत त्यांनीं ३४.९२ मीटर अंतर गांठलें. सुवर्णपदक मिळालें व आशियाई विक्रमही झाला. ३४.५९ मीटर फेक करणारे भारताचेच प्रणव सूरमा दुसरे आले. पण या यशाचा एक भाग पदकांच्या यादींत दिसत नाहीं. त्याच स्पर्धेंत अमितकुमार सरोहा हेही उतरले होते आणि ते सर्वांत शेवटीं राहिले. कालव्यांत उडी घेतांना झालेल्या अपघातानें धरमबीर यांचें कमरेखालचें अंग लुळें पडलें, त्यानंतर त्यांस या खेळाकडे वळविणारे व शिकविणारे गुरु हेच. शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा गुरूनें धरावी, हें जुनें वचन त्या दिवशीं अक्षरशः खरें झालें.

इतर यशही असेंच समजून घ्यावयास हवें. मोटारसायकलच्या अपघातांत डाव्या पायाचा गुडघ्याखालील भाग गमावलेले सुमित अंतिल यांनीं ७०.५९ मीटर भाला फेकून टोकियोंतील आपलें सुवर्णपदक राखलें. नेमबाजींत अवनी लेखरा यांनींही तेंच केलें. हरविंदर सिंग यांचें सुवर्णपदक हें ऑलिंपिक व पॅरालिंपिक मिळून भारतास तिरंदाजींत लाभलेलें पहिलें सुवर्ण होय. बॅडमिंटनच्या अंतिम सामन्यांत नितेशकुमार यांनीं तिसरा डाव २३-२१ असा जिंकला. प्रीति पाल यांनीं १०० व २०० मीटर शर्यतींत कांस्यपदकें मिळवून धांवण्याच्या शर्यतींतील भारताचें खातें उघडलें. जन्मतः हात नसलेल्या व त्या वेळीं सतरा वर्षांच्या असलेल्या शीतल देवी पायानें धनुष्य धरतात. राकेशकुमार यांच्यासह त्यांनीं तिरंदाजींत कांस्यपदक पटकाविलें. स्त्रियांनीं एकेरी प्रकारांत मिळविलेलीं पदकें दहा आहेत, हेंही ध्यानांत घेण्याजोगें आहे.

तथापि मनुष्यानें केलेलें मापन मनुष्याइतकेंच अपूर्ण असतें. टोकियोच्या सामन्यांत भारताच्या एका थाळीफेकपटूस मिळालेलें कांस्यपदक दुसऱ्याच दिवशीं गेलें. कारण तो त्या वर्गांत बसत नाहीं असा निर्णय झाला. देवेंद्र झाझडिया यांची कथा निराळी आहे. लहानपणीं झाडावर चढतांना विजेच्या तारेचा स्पर्श होऊन त्यांचा डावा हात गेला. २००४ सालीं अथेन्स येथें विश्वविक्रम करून त्यांनीं भालाफेकीचें सुवर्ण जिंकलें. परंतु २००८ व २०१२ या दोन्ही सामन्यांत त्यांच्या वर्गाची भालाफेक ठेवलेलीच नव्हती. खेळाडू होता, भाला होता. स्पर्धा मात्र नव्हती. बारा वर्षें थांबून २०१६ सालीं रिओ येथें त्यांनीं ६३.९७ मीटरची फेक केली आणि स्वतःचाच विक्रम मोडून पुन्हा सुवर्ण मिळविलें. ज्या वर्गवारीनें न्याय मिळतो, तिच्याच एका ओळीवर खेळाडूच्या उमेदीचीं वर्षें लटकत असतात.

आतां दुसरी बाजू. पॅरिसमध्यें भारत १२ खेळांत उतरला. पदकें आलीं पांच खेळांत. २९ पैकीं १७ एकट्या मैदानी खेळांचीं. बाकीचीं बॅडमिंटन, नेमबाजी, तिरंदाजी व ज्यूदो यांतील. याच सामन्यांत चीननें ९४ सुवर्णांसह २२० पदकें जिंकलीं, आणि त्यांत जलतरणाचा वांटा मोठा होता. भाला अथवा गोळा मोकळ्या मैदानावर फेकतां येतो. पोहण्यास तलाव हवा. चाकाच्या खुर्चीवरून त्याच्या कांठापर्यंत जातां आलें पाहिजे, आणि पाण्यांत उतरविणारा माणूसही हवा. शर्यतीची चाकांची खुर्ची तर साध्या खुर्चीहून कितीतरी महाग पडते. दिव्यांगांस खेळांत सहभागाची संधि मिळावी, असें २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचें तिसावें कलम सांगतें. कलम दिल्लींत लिहिलें जातें. पायऱ्या मात्र गांवोगांवच्या क्रीडांगणास असतात.

याचा विचार महाराष्ट्रानें विशेष करावा असें एक कारण आहे. पॅरालिंपिकमधील भारताचें पहिलें सुवर्णपदक जलतरणांतच मिळालें होतें. सांगली जिल्ह्यांतील पेठचे मुरलीकांत पेटकर हे सैनिक १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झाले. १९७२ सालीं पश्चिम जर्मनींतील हायडेलबर्ग येथें त्यांनीं ५० मीटरचें अंतर ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला. देशानें त्यांस पद्मश्री दिली ती २०१८ सालीं, म्हणजे ४६ वर्षांनीं. पॅरिसपर्यंतच्या सामन्यांत जलतरणांत भारताला दुसरें पदक मिळालें नाहीं.

त्याच सांगली जिल्ह्यांतील आटपाडी तालुक्यांतले सचिन खिलारी पॅरिसला गेले. बालपणीं सायकलवरून पडून झालेल्या दुखापतीनें त्यांचा डावा हात निकामी झालेला. त्यांनीं १६.३२ मीटर गोळा फेकून आशियाई विक्रम केला आणि रौप्यपदक आणलें. सुवर्ण सहा सेंटिमीटरांनीं हुकलें. पेटकर यांच्या वेळीं वाट दाखविणारें कोणी नव्हतें. खिलारी यांच्या पाठीशीं निदान कांहीं पायवाट तयार झालेली होती. तालुक्याच्या ज्या मैदानाला उतरती वाट नाहीं, ज्या शाळेंत खेळाच्या तासाला काठी घेतलेला मुलगा वर्गांतच बसून राहतो, तेथें ही पायवाट पोंचेल तेव्हांच पॅरिसच्या एकोणतीस पदकांचा खरा उपयोग झाला असें म्हणतां येईल.